आमची वाटचाल : अर्ध्या इंचाच्या पाइपापासून

जुलै २०१७मध्ये जीएसटी आला आणि सांगलीतल्या आमच्या हार्डवेअरवाल्या गिऱ्हाइकांची धांदल उडाली. बिलं आमच्या सॉफ्टवेअरवर, हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. दिवाणजी रात्री बसून तीच बिलं पुन्हा हातानं चढवायचे. हे काम वाचवायला आम्ही दोघा भागीदारांनी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन्ही सॉफ्टवेअरांची जोडणी लिहायला घेतली. टॅलीच्या पोर्टवर एक्सएमएल (ठरावीक खुणांत बांधलेला मजकूर) पाठवला की नोंद होते, एवढ्या भांडवलावर.

पहिली आवृत्ती मजकूर नुसता एकापुढे एक जोडून केली. पहिल्याच दुकानात मालाचं नाव निघालं १/२" पाइप. इंचाची खूण म्हणजे अवतरणचिन्हच. नावाचं अ‍ॅट्रिब्यूट (अवतरणांत लिहिलेलं मूल्य) तिथंच संपलं असं धरून एक्सएमएल वाचणारा पार्सर अडला. पुढच्या दुकानात पार्टीच्या नावातल्या & नं अडवलं. मग जॅक्सबी (जावातल्या माहितीचा एक्सएमएल करणारी तयार लायब्ररी) घेतलं. ही चिन्हं ते स्वतःच सांभाळतं.

झोप उडवली ती रिमोटआयडीनं. व्हाउचरची, म्हणजे टॅलीतल्या एका नोंदीची, ओळख सांगणारं हे अ‍ॅट्रिब्यूट. तीच ओळख पुन्हा आली, की टॅली नवी नोंद न करता जुनी बदलते. आम्ही त्यात नुसता बिल नंबर घालत होतो. १ एप्रिलला नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले आणि नवं बिल गेल्या वर्षीच्या पहिल्या बिलावर जाऊन बसलं. टॅलीच्या उत्तरात 'क्रिएटेड' (नव्या नोंदी) शून्य, 'आल्टर्ड' (बदललेल्या) एक असं स्वच्छ लिहून येत होतं. आम्ही फक्त एरर आहे का तेवढंच बघायचो. संध्याकाळी दिवाणजींचा फोन आला, "अहो, गेल्या वर्षीचं एक नंबरचं बिल कुठाय?" दुकानदाराची माफी मागितली आणि रात्रभर बसून बॅकअपवरून सगळं परत उभं केलं.

त्यानंतर रिमोटआयडीसाठी स्वतंत्र क्लास लिहिला, एका रूपातलं मूल्य दुसऱ्या रूपात बदलणाऱ्या जॅक्सबीच्या अ‍ॅडॅप्टरवरून. बिल आत जातं. पेढीचा कोड, आर्थिक वर्ष, सीरीज आणि नंबर जोडून ओळख बाहेर पडते. वर्ष बिलाच्या तारखेवरून काढायचं, म्हणजे मार्चचं बिल एप्रिलमध्ये पाठवलं तरी आपल्याच वर्षात राहतं. अडचण पेढीच्या कोडाची होती. अ‍ॅडॅप्टर एरवी जॅक्सबी स्वतः तयार करतं, त्याला बाहेरून काही देता येत नाही. आम्ही कोड स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच असलेल्या, व्हेरिएबलमध्ये ठेवला, आणि दोन दुकानांची बिलं एकाच वेळी निघाली तेव्हा एकाचा कोड दुसऱ्याच्या बिलावर गेला. नशिबानं हे चाचणीतच दिसलं. आता पेढीचा कोड देऊन अ‍ॅडॅप्टर आम्हीच बनवतो आणि एक्सएमएल लिहून काढणाऱ्या मार्शलरच्या सेटअ‍ॅडॅप्टरकडे सोपवतो. हा मार्ग मला फार आवडतो. कुठलं मूल्य कुठून आलं ते वाचताना डोळ्यांपुढे राहतं.

२०१८मध्ये आलेल्या जावा ११नं जॅक्सबी काढून टाकलं, तेव्हा लायब्ररी वेगळी जोडून घेतली. त्याचा फारसा त्रास झाला नाही.

नवीन मुलगा कामाला लागला की त्याला आधी दोन बिलं पाठवायला देतो: ३१ मार्चचं आणि १ एप्रिलचं, दोन्ही नंबर एक, दोन्हींत माल अर्ध्या इंचाचा पाइप. उत्तरात 'क्रिएटेड' दोन आले पाहिजेत.