जास्वंद हलवली त्याला आज २६ दिवस

कंपाउंडची भिंत नव्याने बांधायची ठरली आणि आमची चार वर्षांची जास्वंद नेमकी मधे आली. पावसाळ्यापर्यंत थांबायची इच्छा होती पण गवंडी कुठला थांबतोय, फेब्रुवारीतच खणावं लागलं. नर्सरीतून आणलेली एक कामिनी आणि एक अनंतही त्याच दिवशी लावून टाकले, म्हटलं कंबर मोडायचीच तर एकदाच मोडू दे.

आदल्या संध्याकाळी जास्वंदीला भरपूर पाणी दिलं होतं त्यामुळे दीड फुटाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, न फुटता निघाली, गोणपाटात बांधून दोघांनी उचलली. एक तृतीयांश फांद्या छाटल्या, कळ्यापण काढल्या. आई म्हणाली, "अरे, मंगळवारी गणपतीला काय वाहू?" पण निम्मी मुळं तुटल्यावर एवढा संसार पोसणार कोण!

पहिला आठवडा रोज सकाळी एक बादली. दुपारी पानं लोंबायची, संध्याकाळी परत ताठ. हे चालतं, दुपारी बघून पाइप घेऊन धावू नका, सकाळी सातलाही माना टाकलेल्या असतील तर मात्र गडबड आहे.

गडबड झाली ती कामिनीची. रोज पाणी देऊनही सुकत चालली, म्हणून मी अजून ओतलं, नवव्या दिवशी शेवटी खुरप्याने उकरलं तर बाजूची आमची काळी माती चिखल आणि मधली नर्सरीची लाल मातीची हुंडी विटेसारखी टणक, आतून कोरडी ठणठणीत! हुंडी जरा वर राहिली होती आणि आळं मी हौसेने मोठं केलेलं, त्यामुळे सगळं पाणी कडेने निघून जायचं आणि मी खूश. मग मोठ्या आळ्यात हुंडीपुरतं छोटं आळं केलं, बारीक सळईने जपून पाच-सहा भोकं पाडली आणि तळाला टाचणीचं भोक पाडलेली बाटली वर ठेवली. अर्धा तास ठिबकत राहते. बाहेरच्या काळ्या मातीला वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन ती नुसती ओलसर-भुसभुशीत होईपर्यंत, थेंब नाही. पाचव्या दिवशी शेंडे हिरवे दिसले!!

अनंत रुसलाय. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आमची जमीन चुनखडीची आहे त्यामुळे त्याला लोह मिळत नाही, चूक माझीच, पावसात कुंडीत हलवणार. तोवर तिघांनाही खत बंद, वर हिरवी नेट, बुडाशी उसाचं पाचट, फक्त खोडाला चिकटू द्यायचं नाही.

जास्वंदीला आता दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या, बोट खुपसून बघूनच. तीन नवे फुटवे आलेत, आणि त्यातल्या एकावर आज सकाळी पिठ्या ढेकूण, ती पांढरी कापसासारखी कीड. पाण्याचा फवारा मारून उडवलेत, उद्या परत बघतो.