भुरी का वाळत होती ते सापडलं

दोन वेळा पायपराझिन हे जंताचं औषध पाजूनही माझ्या भुरी कोंबडीचं वजन उतरतच चाललंय, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. त्याचा उलगडा झालाय.

खुराड्यात कोंबड्या बसतात त्या दांडीखाली मी बारदान अंथरते. बारा दिवसांपूर्वी पहाटे त्यावरच्या ताज्या शिटेत तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा दिसला. टॉर्च जवळ धरला, तर तो आखडायचा, परत लांब व्हायचा. पट्टकृमीचा, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचा तुकडा!

म्हणजे इतके दिवस मी भलतंच औषध पाजत होते. पायपराझिनने मोठे गोल जंत लुळे होऊन शिटेवाटे पडतात, पण पट्टकृमीवर ते चालतच नाही. शीट तपासून आणली तेव्हा ‘अंडी आढळली नाहीत’ असा रिपोर्ट आला, तिथेच मी फसले. डॉक्टरांनी सांगितलं, या जंताची अंडी बहुतेक वेळा तुकड्याच्या आतच बंद राहतात, त्यामुळे तपासणीत शीट मिठाच्या पाण्यात कालवली तरी ती तरंगून वर येत नाहीत. ताजी शीट डोळ्यांनी बघायलाच हवी.

मग पट्टकृमीवरचं औषध, प्राझिक्वान्टेल. अकराही कोंबड्या पिशवीत घालून ताणकाट्यावर तोलल्या, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा काढून दिली आणि बिनसुईच्या सिरिंजने एकेकीला पाजलं. पाण्यातून औषध द्यायचं मी कायमचं सोडलंय. दांडगी कोंबडी पोटभर पिते आणि जिला खरी गरज असते ती मागे राहते. शिवाय वाईच्या बाजारात मिळणारी पाकिटं मोठ्या पोल्ट्री शेडवाल्यांच्या हिशेबाची, आपल्यासारख्यांनी त्याचे भाग पाडायचे कसे? अंडी न खाण्याची डॉक्टरांनी दिलेली मुदत संपेपर्यंत कोंबड्यांनी घातलेली अंडी खड्ड्यात पुरली. जीवावर आलं, पण पुरली.

आज भुरी १,१३० ग्रॅम भरली, डोस दिला तेव्हा १,०४० होती. तुऱ्यावर लाली आलीय. सकाळी दाण्यासाठी तिने लाली नावाच्या दुसऱ्या कोंबडीला चोच मारली, ते बघून मला किती बरं वाटलं!

पण जंत परत होऊ शकतो. तो कोंबडीकडून थेट कोंबडीला जात नाही. तुकड्यातली अंडी मुंग्या नाहीतर भुंगेरे खातात, ते कोंबडी टिपते, आणि दोन-तीन आठवड्यांत शिटेत पुन्हा तुकडे. म्हणून दर तीन आठवड्यांनी डोस द्यायचा, असं इथे लिहिणार होते. लिहिता लिहिता उठून परसात गेले, तर मक्याचा भरडा टाकते त्या फरशीखालून मुंग्यांची रांग सरळ बारदानापर्यंत! त्यांना तिथे मीच जेवायला घालत होते.

बेत बदलला. वारुळात उकळतं पाणी ओतलं; कोंबड्या टिपतात तिथे मुंग्यांची पावडर टाकायची नाही. भरड्याचं घमेलं तारेने टांगलं. दुसरा डोस आता शीट बघून, डॉक्टरांना विचारूनच. पुन्हा तुकडा दिसला तर सलाईनमध्ये घालून खंबाटकीच्या बोगद्यापलीकडे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेईन. जंताची जात कळली तर मुंगीच्या मागे लागायचं की भुंगेऱ्याच्या, ते ठरेल.

तोवर बारदान रोज उजाडायच्या आत उचलायचं, मगच खुराड्याचं दार उघडायचं.