तगलितला निघताय? झोप घरीच उरकून घ्या

तगलित, म्हणजेच बर्थराइट इस्रायल, ही १९९९ साली सुरू झालेली सहल आहे. १८ ते २६ वयाच्या ज्यू पोरापोरींना दहा दिवसांत इस्रायल दाखवायचा, तोही फुकट. पैसे देणगीदारांचे, ज्यू संस्थांचे आणि इस्रायल सरकारचे. भारतातून जाणारे बहुतेक आपलेच बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू: मुंबई, ठाणे, पुणे, अलिबागकडचे. फुकट हे खरंच, फक्त वसुली झोपेतून होते. चाळीसेक जण, एक बस, एक गाईड, आणि पहाटेपासून रात्री अकरापर्यंत आखलेला दिवस.

कागदपत्रांचं ओझं फार नाही. आई-वडिलांपैकी एक तरी ज्यू असल्याचा पुरावा लागतो, त्यासाठी सिनेगॉगचं (ज्यू प्रार्थनास्थळाचं) पत्र आधीच मागून ठेवा. ऐन वेळी नेमके पत्र देणारेच गावाला गेलेले असतात. छोटी मुलाखत होते. तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, पाठ करून जाऊ नका, घरी शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) काय होतं, मलिदा (एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने करतात तो गोड पोह्यांचा नैवेद्य) कधी असतो, एवढं सरळ सांगता आलं तरी पुष्कळ. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

खरी परीक्षा विमानतळावर. सुरक्षा अधिकारी विचारतात, बॅग कोणी भरली? आपल्याकडचं प्रामाणिक उत्तर ‘आईने’ हे असतं आणि त्यावर आणखी दहा प्रश्न येतात. पुढचा प्रश्न त्याहून अवघड: कोणी काही पोचवायला दिलंय का? दिलेलं असतंच. अश्दोदच्या आत्यासाठी गोडा मसाला, लोदच्या मामांसाठी पोहे, आणि एक चिकटपट्टीत गुंडाळलेलं पुडकं, ज्यात काय आहे ते देणाऱ्यालाही धड आठवत नाही. तेव्हा बॅग स्वतः भरा, प्रत्येक पुडकं उघडून बघा, घरचा मसाला सुटा न नेता दुकानाची सीलबंद पाकिटं न्या, आणि न उघडता येणारं पार्सल सरळ नाकारा. आत्या रागावेल, पण विमान चुकणार नाही. गटातल्या दोघांना वेगवेगळं उभं करून एकमेकांबद्दलही विचारतात. तिथे विनोद करायचे नाहीत.

तेल अवीवला उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का बसत नाही, एक छोटी निळी चिठ्ठी मिळते. ती हरवणारा प्रत्येक बसमध्ये एक तरी असतो. लगेच फोटो काढा आणि चिठ्ठी पासपोर्टच्या कव्हरात सरकवून द्या, हॉटेलात मागतात. घड्याळ उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन तास मागे. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या प्लगमध्ये बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या. हॉटेल बदललं की आधी आसरा घ्यायची संरक्षित खोली कुठे आहे ते बघून ठेवा आणि हल्ल्याचा इशारा देणारं होम फ्रंट कमांडचं अ‍ॅप फोनवर घालून ठेवा. हे घाबरवायला नाही, तिथे सगळेच असं करतात.

आता मसादा, मृत समुद्राजवळचा वाळवंटातला डोंगरी किल्ला. सहलीतला सगळ्यांत गाजलेला कार्यक्रम, आणि सगळ्यांत जास्त पाय इथेच सोलतात. सापवाटेने (नागमोडी पायवाटेने) सूर्योदयाआधी चढायचं असतं. वाट सूर्योदयाच्या साधारण तासभर आधी उघडते, म्हणजे उन्हाळ्यात उठणं तीनच्या सुमारास. चढ सुमारे ३५० मीटरचा, पाऊण ते एक तास. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढाचं काही वाटणार नाही, फक्त झाड एकही नाही आणि नाश्ता खाली उतरल्यावर मिळतो. रात्रीच दोन केळी आणि बिस्किटं पिशवीत टाका. पाणी माणशी तीन लिटर, टोपी सक्तीची. उन्हाळ्यात उन्हाचा तडाखा वाढला की वाट बंद करतात, म्हणून गाईड पायथ्याशी हाकलत असतो, तो दुष्टपणा नव्हे. नवे बूट इथे पहिल्यांदा घालू नका. वर हेरोद राजाचा महाल आणि रोमन वेढ्याची हकीकत गाईड जीव ओतून सांगतो. ऐकणाऱ्यांतले निम्मे उभ्या उभ्या डुलत असतात.

खरी गंमत पुढे. बहुतेक गटांना त्याच दिवशी मृत समुद्रावर नेतात. सकाळी पायाला फोड, दुपारी सुमारे ३४ टक्के मिठाचं पाणी. फोड फुटला असेल तर पाण्यात पाय टाकताक्षणी कळतं. मसादाच्या आधीच टाचांना पट्टी लावा. दाढी किंवा पायांचं शेव्हिंग दोन दिवस आधी उरका. चांदीची साखळी, पैंजण, अंगठ्या खोलीवरच ठेवा, काळ्या पडतात. तळाशी मिठाचे धारदार खडे असतात, म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला घाला. पाण्यात शिरायची रीत एकच: गुडघ्याच्या वर पाणी आलं की पाठमोरं होऊन खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं, पाय आपोआप वर येतात. पालथं पोहायचा हट्ट करू नका. पाय वर उसळतात, तोंड खाली जातं आणि परत उलटता येत नाही. ते पाणी पोटात किंवा छातीत गेलं तर थेट दवाखाना. डोळ्यांत गेलं तर चोळायचं नाही, म्हणून साध्या पाण्याची एक बाटली काठावरच्या मित्राच्या हातात ठेवा. पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग गोड्या पाण्याचा शॉवर.

जेवणात बाकीच्यांची फजिती होते, आपली कमी. हॉटेलं कोशेर असतात, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी: मांस आणि दूध एकत्र चालत नाही. सकाळी दूध, चीज, अंडी, कोशिंबिरींची रेलचेल, रात्री मटण-चिकन आणि दुधाचा थेंब नाही. मटणाच्या रश्शात आजी नारळाचं दूध का घालते हे ठाऊक असलेल्याला कोरा चहा जड जात नाही. दूध पावडर घेऊन जेवणघरात शिरू नका, भांडी बाटतात आणि वाद होतो. चहा आपल्या खोलीत करा. दुपारचं जेवण बऱ्याचदा आपल्या खिशातून असतं, तेव्हा फलाफेल (छोल्यांचे तळलेले वडे) घ्या आणि वर स्खुग मागा. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लसणाची ही येमेनी चटणी म्हणजे आपल्या ठेच्याची मावसबहीणच.

शुक्रवारचं गणित पक्कं ठेवा. दुपारनंतर दुकानं मिटायला लागतात, बस आणि रेल्वे थांबतात, ते शनिवारी रात्रीपर्यंत. सिमचा रिचार्ज, औषधं, सॅनिटरी पॅड सगळं दुपारच्या आत घ्या. जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात शुक्रवारी सकाळी दादरच्या गर्दीत वाढलेलाच टिकतो. हॉटेलातली शब्बाथची लिफ्ट बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. आठव्या मजल्यावरच्यांनी जेवायला लवकर निघावं.

कोटेलला, म्हणजे पश्चिम भिंतीला, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांना किप्पा (डोक्यावरची छोटी टोपी) तिथे मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी नेत असतील तर फोटो नाही, लिहिणंही नाही. भिंतीत खोचायची चिठ्ठी आदल्या दिवशीच लिहा आणि खोचा. या चिठ्ठ्या वेळोवेळी काढून ऑलिव्ह पर्वतावर पुरतात. बायकांचा भाग अरुंद आहे, मोठी सॅक बसमध्येच राहू द्या.

काही दिवस तुमच्याच वयाचे इस्रायली सैनिक बसमध्ये असतात. गाणी, पत्ते, चिडवाचिडवी चालते. मग हर्झल पर्वतावरच्या लष्करी दफनभूमीत तेच एखाद्या थडग्यापाशी थांबून आपल्या मित्राबद्दल बोलतात. तिथे मोबाइल खिशात ठेवा. आणि हेही ध्यानात असू द्या की वेळापत्रक ज्यांनी पैसे दिले त्यांनी आखलेलं आहे. पॅलेस्टिनी माणसाचं रोजचं जगणं त्यात फारसं येत नाही. प्रश्न मनात आला तर गाईडला विचारा, चांगला गाईड टाळत नाही.

नातेवाइकांकडे राहायचं असेल तर परतीची तारीख पुढे ढकलण्याबद्दल तिकीट निघण्याआधीच विचारा, नंतर अवघड होतं. दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे मराठी बोलणारी घरं सापडतात. दिमोनात तर पापड-लोणच्याचं दुकानही. शहरांतल्या बससाठी राव-काव हे प्रवासाचं कार्ड काढा, आणि शुक्रवारी दुपारनंतर कुठेच निघू नका, अर्ध्यात अडकाल. हैफाला जमलं तर कार्मेल डोंगराच्या पायथ्याची एलियाहू हन्नबीची गुहा बघा, गटाच्या यादीत ती सहसा नसते. मलिद्याला पोहे मात्र घरचेच न्या.

परतताना बेन गुरिअन विमानतळावर तीन तास आधी पोचा, सगळे प्रश्न पुन्हा होतात. मृत समुद्राचा चिखल, ताहिनी (तिळाची पेस्ट), हमस (छोल्यांची चटणी), खजुराचा पाक या सगळ्यांना विमानतळ द्रवच समजतो. मोठा डबा हातातल्या बॅगेत सापडला तर अडकू शकतो. मोठ्या बॅगेत टाका, दोन पिशव्यांत गुंडाळून, कारण चिखलाचं झाकण वाटेत हमखास सैल होतं.