तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिप्टोच्या कायद्याची डोमेन घेऊन ठेवावीत का?

वाशीच्या सेक्टर 17 मधल्या आमच्या सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायला आलेला माणूस पॅन कार्ड खिशात ठेवता ठेवता हळूच विचारतो, "मॅडम, तुम्ही डोमेन घेता-विकता ना? आता क्रिप्टोचा कायदा येणार म्हणतात. त्या नावाची दोन-चार आत्ताच घेऊन ठेवली तर?" (डोमेन म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, आणि क्रिप्टो म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी.) सोसायटीतली मुलंही हेच विचारतात, आणि परवा तर नेरूळच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत एका काकांनी विचारलं. दर वेळी उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मं राहून जातं, म्हणून आज बसून लिहितेय.

कायद्याच्या नावाने डोमेन घेऊ नका. मी घेतली होती.

1 फेब्रुवारी 2022. बजेटच्या भाषणात निर्मला सीतारामन यांनी दोन गोष्टी सांगितल्या: क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, आणि येत्या आर्थिक वर्षात रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया. ऑफिसात दिवसभर फोन वाजत होते. रात्री जेवणं आटोपल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि डिजिटल, रुपया, ई आणि करन्सी हे शब्द उलटसुलट जोडून शोधत बसले. एक नाव टाइप करावं, ते गेलेलं असावं. मध्ये जोडरेघ घालून बघावं, तेही गेलेलं. रात्री दीडपर्यंत अकरा नावं मिळाली, सगळी डॉट इन आणि डॉट कॉम. झोपताना वाटलं, आपण पहिल्या गाडीत जागा पकडली.

ती गाडी कुठे गेली ते सांगते. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बँकांच्या आपापसातल्या व्यवहारांसाठी आणि 1 डिसेंबरला सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू झाली. सुरुवातीच्या चार शहरांत आपली मुंबई होती. पण हा रुपया लोकांच्या हातात आला तो बँकांच्या स्वतःच्या ॲपमधून. त्यासाठी कुणाला वेगळी वेबसाइट शोधावी लागली नाही, तेव्हा तिचं नाव विकत घ्यायचा प्रश्नच आला नाही. सरकारी खात्यांकडे डॉट गव्ह डॉट इन असतंच. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्याकडून नाव घ्यायला येईल हा हिशेबच मुळात चुकला होता.

दुसरी चूक शब्दांची. 2021 च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत क्रिप्टोकरन्सीचं विधेयक होतं. ते मांडलंच गेलं नाही. आणि दोन महिन्यांनी कर बसवताना सरकारने शब्द वापरला 'व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट'. हा शब्द रिटर्न भरणाऱ्यांना पाठ आहे. बाजारात तो कुणी बोलत नाही, शोधत तर त्याहून नाही. फेसबुकने जून 2019 मध्ये 'लिब्रा' जाहीर केलं, डिसेंबर 2020 मध्ये त्याचं 'डिएम' केलं आणि 2022 च्या सुरुवातीला सगळं गुंडाळलं. युरोपातला कायदा 'मायका' म्हणून ओळखला जातो, अमेरिकेत जुलै 2025 मध्ये स्टेबलकॉइनच्या, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्यांच्या, कायद्यावर सही झाली तो 'जीनियस ॲक्ट'. कायद्याचं बारसं करणारे वेगळे लोक असतात आणि ते कोणतं नाव ठेवतील हे आपल्याला आधी कळत नाही. कळतं तेव्हा ते अख्ख्या जगाला एकाच मिनिटाला कळतं.

मग लोक उलव्याचं उदाहरण देतात. नवी मुंबई विमानतळाच्या आशेवर तिथे घर घेतलं, आज बघा काय भाव आहे! माझ्या चुलत दिरानेही घेतलंय. पण विमानतळाला तत्त्वतः मंजुरी मिळाली 2007 मध्ये, उद्घाटन झालं ऑक्टोबर 2025 मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत ते घर राहायला होतं, भाड्याने द्यायला होतं. कायद्याच्या नावाचं डोमेन भाड्याने घ्यायला कुणी येत नाही. आणि डोमेन खऱ्या अर्थाने आपल्या मालकीचंही नसतं. सिडकोचा प्लॉट 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो हे नवी मुंबईकराला सांगावं लागत नाही. डोमेनचा पट्टा एक वर्षाचा, एका वेळी फार तर दहा. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात, पुढे नूतनीकरण महाग पडतं. माझी एक वही आहे, तिच्यात प्रत्येक नावाची मुदत लाल पेनाने लिहिलेली असते. डॉट कॉमची मुदत चुकली की थोडे दिवस नेहमीच्या पैशात वाचवता येतं, नंतरचे 30 दिवस दंड भरून, मग शेवटचे पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते पुन्हा सगळ्यांसाठी मोकळं.

"मग क्रिप्टो डॉट कॉम कसं विकलं गेलं?" हाही प्रश्न ठरलेला. ते नाव मॅट ब्लेझ या अमेरिकन प्राध्यापकांनी 1993 मध्ये घेतलं होतं, तेव्हा बिटकॉइन जन्मालाही आलं नव्हतं. क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोग्राफी, म्हणजे गुप्तलेखनाचं शास्त्र, तो त्यांचा विषय. 2018 मध्ये ते दुसऱ्याकडे गेलं. पंचवीस वर्षं त्यांनी ते वापरलं, विकायचं म्हणून धरून ठेवलं नव्हतं. हे उदाहरण घेऊन आज नावं घ्यायला निघालेल्याची मला काळजी वाटते.

विकलं जाणारच नाही असं मी म्हणत नाही. माझंही एक विकलं गेलं, फक्त त्या अकरांपैकी नव्हतं. 'हिशेब' या शब्दाचं एक साधं डॉट इन मी 2019 पासून धरून होते. 1 जुलै 2022 पासून क्रिप्टोच्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएस लागू झाला आणि लोकांच्या नोंदींचा गुंता वाढला. एकाचे तीन एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन बाजारांत, चारशे व्यवहार, एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि ते सगळं मार्चअखेरीला आमच्या टेबलावर. महापेच्या दोन तरुणांनी हे हिशेब करून देणारं सॉफ्टवेअर बनवलं. त्यांना दुकानाच्या पाटीवर शोभेल असं नाव हवं होतं. 45 हजारांत ठरलं, पैसे मध्यस्थाकडे जमा झाले, मी ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्याकडे द्यायचा गुप्त कोड, पाठवला, चार दिवसांनी नाव त्यांच्या खात्यात दिसलं. नियम आला की ज्यांचं काम वाढतं, गिऱ्हाईक ते असतात. त्यांना कायद्याचं नाव नको असतं, आईलाही उच्चारता येईल असा शब्द हवा असतो.

आणखी एक सांगते. कुठल्याही बँकेच्या किंवा एक्स्चेंजच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेऊ नका. डॉट इनसाठी निक्सीच्या, म्हणजे डॉट इन नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, तंटा-निवारणाच्या नियमांखाली, डॉट कॉमसाठी यूडीआरपी या तशाच आंतरराष्ट्रीय नियमांखाली ते काढून घेतलं जातं, आणि ते त्याच कंपनीला विकायला काढलं असेल तर तोच वाईट हेतूचा पुरावा ठरतो. पण मला तुम्हाला अडवायचंय ते या कारणासाठी नाही.

ऐरोलीच्या माझ्या आत्याच्या खात्यातून 2021 मध्ये 38 हजार रुपये गेले. केवायसीचा मेसेज, खाली लिंक. नंतर मी तिच्या मोबाइलवर तो पत्ता बघितला. बँकेचं नाव बरोबर, स्पेलिंग बरोबर, फक्त मध्ये एक बारीक जोडरेघ. आत्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका होती, आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या वेलांट्या तपासल्या. ती रेघ तिला दिसली नाही आणि त्याचं तिला पैशांपेक्षा जास्त लागलं. ते नावही कुणीतरी कधीतरी शे-पाचशे रुपयांना 'घेऊन ठेवलेलं' असणार.

याच फसवणुकीवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये बँकांसाठी बँक डॉट इन हे वेगळं कुंपण जाहीर केलं. तिथे फक्त बँकांनाच नाव मिळतं, आणि बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे यायला सांगितलं होतं. मला ही बातमी वाचून फार बरं वाटलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्या दिवशी बऱ्याच नावांची किंमत शून्य झाली, व्हायलाच हवी होती.

तर त्या अकरांपैकी एकालाच विचारणा आली, 2023 च्या पावसाळ्यात. फोनवर गोड मराठी. "ताई, साठ हजार देतो, आज नाव माझ्याकडे करून द्या." मी विचारलं, काय करणार? "लोकांना ई-रुपयात गुंतवणूक करून देणार, महिन्याला दहा टक्के." रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयावर व्याज मिळत नाही, तो नोटेसारखाच आहे, खिशात ठेवलेली नोट वाढत नाही. मी नाही म्हटलं. त्याने ऐंशी केले. मी फोन ठेवला.

दहा नावं मी मुदत संपल्यावर सोडून दिली. हे अकरावं सोडता येईना. सोडलं की ते मोकळं होणार, आणि तो किंवा त्याच्यासारखा कुणीतरी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दरात उचलणार. वहीत त्या नावापुढे मी विक्रीची किंमत खोडून टाकली आहे. दर फेब्रुवारीत त्याचे पैसे भरत होते. गेल्या वेळी आत्याला शेजारी बसवून एकदम पाच वर्षांचे भरले. तिने चष्मा लावून पडद्यावरचं नाव अक्षर-अक्षर वाचलं आणि विचारलं, "यात रेघ नाही ना कुठे?"