तुम्ही विचारलंत म्हणून: परराष्ट्र सचिवाला मुदत असूनही मध्येच कसं काढता येतं?

व्याख्यान संपलं की हात वर होतो आणि प्रश्न ठरलेला असतो. सदाशिव पेठेतली अभ्यासिका असो की नवी पेठेतला क्लास: ‘सर, परराष्ट्र सचिवाला दोन वर्षांची मुदत आहे ना? मग मध्येच कसं काढता येतं?’ तोंडी उत्तर द्यायला लागलं की विचारणारा अर्ध्यातच मान हलवतो. त्याला ‘सरकार चुकलं’ किंवा ‘सरकारचा अधिकारच आहे’ यांतलं एक वाक्य वहीत उतरवून घ्यायचं असतं. ते मला देता येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. परराष्ट्र सचिव म्हणजे परराष्ट्र खात्यातला सर्वोच्च सनदी अधिकारी. खात्याची रचना, सेवेच्या परीक्षा वगैरे तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देतो.

आधी मुदतीचं. ही मुदत ज्या नियमात आहे तो निवृत्तीचा नियम आहे: केंद्र सरकारच्या सेवानियमांतला फंडामेंटल रूल ५६. अधिकारी ज्या महिन्यात साठ पूर्ण करतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो. मोजक्या पदांना सार्वजनिक हितासाठी त्यापुढे वाढ देता येते, म्हणजे एकूण कार्यकाळ दोन वर्षांपर्यंत नेता येतो. डिसेंबर २०१० मध्ये परराष्ट्र सचिव त्या यादीत आले. निरुपमा राव १ ऑगस्ट २००९ रोजी पदावर आल्या होत्या. जन्म डिसेंबर १९५०चा, म्हणजे ३१ डिसेंबर २०१० ला त्या घरी गेल्या असत्या. नव्या तरतुदीमुळे ३१ जुलै २०११ पर्यंत राहिल्या. वय आडवं येऊ नये, एवढंच त्या नियमाचं काम. दोन वर्षांच्या आत हलवता येणार नाही, असं त्यात कुठेही नाही. उलट, दिलेली वाढ आधी संपवण्याचा अधिकार सरकारने त्याच नियमात स्वतःकडे ठेवला आहे.

सीबीआय संचालकाशी तुलना करून पाहा. त्याची दोन वर्षं संसदेच्या कायद्यात आहेत आणि निवड समितीच्या संमतीशिवाय त्याची बदली करता येत नाही. म्हणूनच जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आलोक वर्मा यांना संचालकपदावर परत बसवता आलं. परराष्ट्र सचिवासाठी असा कायदा नाही. राज्यघटनेचं कलम ३११ मला पुन्हा पुन्हा दाखवलं जातं. ते बडतर्फी, सेवेतून काढणं आणि पदावनती यांपासून वाचवतं. एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर बसवणं त्यात येत नाही. तमिळनाडूचे मुख्य सचिव रॉयप्पा अशाच बदलीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९७४ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. मुख्य सचिव हा सरकारच्या विश्वासाचा माणूस असतो, विश्वास उरला नाही तर त्याला हलवता येतं, असा त्या निकालाचा रोख आहे. परराष्ट्र सचिवाला तो तितकाच लागू पडतो.

हे असं का, याचं उत्तर पदाच्या जन्मात आहे. १३ सप्टेंबर १७८३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कलकत्त्यात वेगळं खातं काढण्याचा ठराव केला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारावरचा ‘गुप्त आणि राजकीय’ कामाचा भार हलका करणं हा हेतू. तीनच वर्षांनी चार्ल्स मॅलेट रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणून पुण्यात आला. संगमावरच्या बंगल्यातून पेशवे दरबाराच्या ज्या बातम्या कलकत्त्याला जात, त्या गव्हर्नर जनरलच्या या राजकीय दफ्तरासाठी. पुढे बाकीची खाती व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधल्या सदस्यांकडे गेली, परराष्ट्र खातं मात्र व्हाइसरॉयने स्वतःकडे ठेवलं. सचिव आणि व्हाइसरॉय यांच्यामध्ये कुणी नाही. मॉर्टिमर ड्युरँडने १८९३ मध्ये काबूलला अमीर अब्दुर रहमानशी सीमेचा करार केला, हेन्री मॅकमहोनने १९१४ मध्ये सिमला परिषदेच्या वेळी तिबेटकडच्या सीमेची रेषा आखली, ते दोघेही परराष्ट्र सचिव असताना. व्हाइसरॉयचा माणूस हीच त्यांची ताकद होती.

१९४७ नंतर हे बदललं, असं आपण समजतो. पंडित नेहरूंनी परराष्ट्र खातं १९६४ पर्यंत स्वतःकडे ठेवलं. म्हणजे सचिव पुन्हा थेट राज्यकर्त्यासमोर. शिवाय सुरुवातीला हे पद खात्यात सर्वोच्चही नव्हतं. १९४८ मध्ये पहिले परराष्ट्र सचिव झालेल्या के. पी. एस. मेनन यांच्या वर सेक्रेटरी जनरल म्हणून गिरिजाशंकर बाजपेयी बसत. ते वरचं पद साठच्या दशकात गेलं, तेव्हा परराष्ट्र सचिव खात्यातला पहिला झाला. खुर्ची वर सरकली, तिच्याखाली कायद्याचा आधार मात्र आला नाही.

आता १९८७. मला या विषयावर बोलायला लावणारी हीच घटना आहे. अजूनही ती सांगताना शांत राहता येत नाही.

ए. पी. व्यंकटेश्वरन १९८६ मध्ये सचिव झाले. स्पष्ट बोलणारे, वरिष्ठांसमोरही मत न गिळणारे. नोव्हेंबर १९८६ मध्ये बंगळूरला सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची परिषद झाली आणि अध्यक्षपद भारताकडे आलं. व्यंकटेश्वरन इस्लामाबादला गेले असताना पत्रकारांनी विचारलं, पंतप्रधान पाकिस्तानला येणार का? अध्यक्ष या नात्याने ते सदस्य देशांना भेट देतील आणि त्यात पाकिस्तानही येईल, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. २० जानेवारी १९८७ रोजी दिल्लीत पंतप्रधानांची पत्रकार परिषद होती. एका पाकिस्तानी पत्रकाराने राजीव गांधींना तोच प्रश्न केला आणि सचिवांच्या विधानाचा दाखला दिला. लवकरच तुम्ही नव्या परराष्ट्र सचिवाशी बोलत असाल, असं उत्तर आलं. व्यंकटेश्वरन त्याच सभागृहात बसले होते. देशाचा सर्वोच्च मुत्सद्दी अधिकारी, आणि आपलं पद गेल्याचं त्याला परदेशी पत्रकाराला दिलेल्या उत्तरातून कळलं. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. परराष्ट्र सेवेच्या संघटनेने जाहीर नाराजी नोंदवली. नोकरशाहीत हे विरळाच.

माझ्याशी वाद घालणारे इथे म्हणतात की पंतप्रधानांना सचिव बदलण्याचा अधिकार होता. होताच. मीही तो नाकारत नाही. पण तारीख पाहा. भारतीय लष्कराच्या ‘ब्रासटॅक्स’ या मोठ्या सरावामुळे दोन्ही देशांचं सैन्य सीमेकडे सरकलं होतं. अशा वेळी सीमेपलीकडच्या सरकारशी बोलायला पहिला माणूस परराष्ट्र सचिव, आणि नेमकी तीच खुर्ची रिकामी. ३१ जानेवारीला दिल्लीत वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा पाकिस्तानकडून परराष्ट्र सचिव अब्दुल सत्तार आले होते आणि आपल्या बाजूला हंगामी सचिव म्हणून आल्फ्रेड गोन्साल्विस बसले. ४ फेब्रुवारीला सैन्य मागे घेण्याचा समझोता त्यांनी केला. गोन्साल्विस यांनी काम चोख केलं, म्हणून तो पेच बाहेर फारसा दिसला नाही. दिसला नाही म्हणून तो नव्हता, असं कुणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही.

त्यानंतर अनेक वर्षं मी एकच मांडत आलो: मुदत बांधा, प्रश्न मिटेल. २०१० मध्ये ती बांधली असं वाटलं. मग २८ जानेवारी २०१५ ला परराष्ट्र सचिव सुजाता सिंग यांचा कार्यकाळ तत्काळ संपवल्याचा आदेश निघाला. साठी उलटल्याने त्या वाढीव सेवेवर होत्या, म्हणजे नियमाच्या सर्वांत कच्च्या जागी उभ्या होत्या. त्यांच्या जागी आलेले एस. जयशंकर ३१ जानेवारीला निवृत्त होणार होते, तीन दिवस उरले होते. निवड त्यांचीच करायची तर तो आदेश त्याच आठवड्यात निघणं भाग होतं. ते पुढे जानेवारी २०१८ पर्यंत, म्हणजे तीन वर्षं राहिले, आणि २०१९ मध्ये मंत्री झाले. निवड कर्तबगार माणसाची होती. तरीही मुदतीआधी काढताना कारण लेखी द्यावं, एवढं तरी बंधन हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

हे व्यवस्थित होऊ शकतं. जयशंकर यांच्यानंतर विजय गोखले येणार हे काही आठवडे आधी जाहीर झालं, त्यांनी महिनाअखेरीस सूत्रं घेतली. कुणाचा अपमान नाही, खुर्ची एक दिवस रिकामी नाही.

मग सीबीआयसारखा कायदाच का करू नये, असं माझे विद्यार्थी विचारतात, आणि इथे मी स्वतःशीच भांडतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं, म्हणजे पंतप्रधानांना थेट सल्ला देणारं, पद निर्माण झालं. हलवता न येणारा आणि पंतप्रधानांना नकोसा सचिव खात्यात बसला, तर बीजिंग, वॉशिंग्टन, इस्लामाबादची कामं सरळ त्या कार्यालयातून चालतील आणि सचिवाकडे बदल्या, भरती, पासपोर्टच्या फायली उरतील. कायदा त्याची नेमणूक वाचवेल, त्याचं काम वाचवणार नाही. आणि कायदा नसेल, तर २० जानेवारी १९८७ पुन्हा होण्यापासून कुठलाच नियम कुणाला अडवत नाही. लेखी कारण आणि निदान एका महिन्याची सूचना, एवढी माझी मागणी आहे. सचिवाला बाजूला सारून काम चालवण्याची अडचण तिनेही सुटते, असं मी म्हणत नाही.