भिंतीआडून गेलेली आग

२८ ऑक्टोबर

२०१६ साली याच तारखेला इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरातलं रॉयल क्लॅरेन्स हॉटेल पेटलं. खरं तर आग तिथे लागलीच नव्हती. पहाटे पाचच्या सुमारास ती लागली कॅथीड्रल ग्रीन या कॅथीड्रलसमोरच्या मोकळ्या जागेलगतच्या १८ क्रमांकाच्या इमारतीत, जिथे नूतनीकरणाचं काम चालू होतं. अग्निशमन दलाचे शंभराहून अधिक जवान झुंजत असताना ती हॉटेलात शिरली, फुटलेल्या गॅसवाहिनीनं तिला आणखी बळ दिलं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलचा बराच भाग कोसळला. जीवितहानी झाली नाही.

वास्तू १७६९ सालची, १७७० मध्येच हॉटेल म्हणून जाहिरात झालेली. १८२७ मध्ये ब्रिटिश राजघराण्यातली डचेस ऑफ क्लॅरेन्स इथे उतरली, त्यावरून नाव पडलं. मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, तरी ही वास्तू टिकली होती. म्हणून तर ही आग जिव्हारी लागते.

जुन्या घरांची ओळ बाहेरून वेगवेगळ्या इमारतींची दिसते, आतून मात्र ती बरेचदा एकमेकींत मिसळलेली असते. दर्शनी भिंत विटांची, मागे त्याहून जुना लाकडी सांगाडा. आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा, मधे पोकळी. शिवाय बुजवलेली दारं, बंद केलेली धुराडी, दोन घरांवरून सलग गेलेला माळा. तप्त धूर या वाटांनी सरकतो. खोलीत ज्वाळा दिसेपर्यंत आग शेजारी पोहोचलेली असते. वरून मारलेलं पाणी छपरावरून ओघळून जातं, कारण छप्पर बांधलेलंच असतं पाणी बाहेर टाकायला.

काम चालू असताना धोका सर्वांत जास्त. नळ-तारांसाठी भिंतींना भोकं पाडलेली, गिलावा उतरवलेला, धूरसूचक धुळीमुळे झाकलेले, रात्री कोणी नाही. माझ्या मते अशा जागेत रंगरंगोटीआधी सामायिक भिंत माळ्यातून थेट छपराला भिडेपर्यंत चढवावी. विटांचा भार पेलत नसेल तर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड लावून फटींत रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) ठासावं. पाडलेलं भोक त्याच दिवशी बुजवावं. वेल्डिंग किंवा ब्लोलॅम्पचं (ज्वाळा फेकणाऱ्या दिव्याचं) काम दिवसाचं काम सुटायच्या किमान तासभर आधी थांबवावं आणि तेवढा वेळ एकानं तिथेच, भिंतीच्या दोन्ही बाजूंना फिरत, पहारा द्यावा. ठिणगी लाकडाआड तासन्‌तास धुमसू शकते.