‘येत नाही ना?’

सिस्टरनी पहिले आठ प्रश्न अगदी शिकवल्याबरहुकूम विचारले. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर निरीक्षणाचा तक्ता, आणि मनातून स्वतःवरच खूश. सहा महिन्यांपूर्वी यांना मीच शिकवलं होतं. पाच दिवसांचा वर्ग, सतरा जण. शेवटच्या दिवशी रोल-प्लेमध्ये मी पेशंट झाले आणि यांच्या नावापुढे ‘सक्षम’ असा शेरा मारून मोकळी झाले.

आजचा पेशंट खरा होता. चाळिशीतला गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात). डोकं दुखतं, झोप लागत नाही म्हणून तिसऱ्यांदा आलेला. तपासण्या झाल्या होत्या, त्यांत काही निघालं नव्हतं. दुखणं नुसतं डोक्याचं नाही हे सिस्टरच्या लक्षात आलं आणि त्यांनी खणातून पीएचक्यू-९चा, म्हणजे नैराश्य चाचपायच्या नऊ प्रश्नांचा कागद काढला. मागच्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक. दर उत्तराला शून्य ते तीन गुण. आठव्या प्रश्नापर्यंत बेरीज पंधरावर गेली. दहा किंवा त्याहून जास्त झाले की आम्ही सावध होतो.

मग नववा. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले, असा तो सरळ प्रश्न आहे. सिस्टरनी कागदावरची नजर न उचलता विचारलं, “आणि दादा, तसलं काही मनात येत नाही ना?”

“नाही.”

कागदावर शून्य पडलं.

आपल्या भाषेतला हा ‘ना’ फार चतुर आहे. विचारणारा उत्तर आधीच समोरच्याच्या हातात ठेवतो. त्यानं फक्त ते परत द्यायचं. “बरं वाटतंय ना?” म्हटलं की तापानं फणफणलेला माणूससुद्धा हो म्हणतो. वर्गात या एका अक्षरावर मी अर्धा तास खर्ची घातला होता. विचारल्यानं तसा विचार डोक्यात भरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही, हेही फळ्यावर लिहिलं होतं.

निरीक्षकानं मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम मीच शिकवते. जिवाचा प्रश्न असेल तेवढा अपवाद. तो उठायच्या बेतात होता. हातातल्या केसपेपरची त्यानं इतकी घट्ट सुरळी केली होती की बोटं पांढरी पडली होती.

“एक मिनिट बसा,” मी म्हटलं. “मी परत विचारते. मरून जावं, स्वतःला संपवावं असं मनात येतं का?”

तो बसला. सुरळी उलगडली, पुन्हा गुंडाळली.

“रोज,” म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “पहाटे जास्त.”

पुढचा दीड तास कामाचा गेला. काही ठरवलंय का, घरात धोक्याचं काय आहे, ते कोणाच्या ताब्यात द्यायचं, रात्री सोबत कोण. बहिणीला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळवली. बहीण येईपर्यंत त्याला एकट्याला सोडलं नाही. सिस्टरनी हे सगळं माझ्याइतकंच नीट केलं. खरं सांगायचं तर बहिणीशी त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या.

म्हणूनच मला राग आला होता. “सिस्टर, तो ‘ना’ कुठून आला?”

त्यांनी खणातून प्रशिक्षणाची पुस्तिका काढून माझ्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात पर्यवेक्षकाचा नंबर. “लावून बघा, मॅडम.”

लावला. नंबर बंद.

“सरांची बदली झाली, चार महिने झाले. जागा रिकामीच आहे. मध्यंतरी एक बाई ‘हो’ म्हणाली होती. अंधार पडेपर्यंत तिच्याजवळ बसून हा नंबर फिरवत होते. शेवटी लेकीबरोबर घरी पाठवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. सकाळी ती आली तेव्हा कुठे श्वास घेतला. त्यानंतर तोंडातून ‘ना’च येतो. विचारता येतं हो मला. उत्तर घेऊन जायचं कोणाकडे?”

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मानसिक आरोग्य ॲटलासमधला आकडा मी प्रत्येक वर्गात सांगते: जगात लाख लोकांमागे मानसिक आरोग्याचं काम करणारे साधारण 13 (सगळ्या देशांच्या आकड्यांतला मधला आकडा). श्रीमंत देशांत साठाहून जास्त, गरीब देशांत दोनाहूनही कमी. तज्ज्ञ घडवायला वर्षं लागतात, म्हणून परिचारिका, आरोग्यसेवक, साधी शिकलेली माणसं यांना तयार करा, हा संघटनेच्या 2008पासूनच्या एमएच-गॅप, म्हणजे मानसिक उपचारांतली दरी भरून काढायच्या कार्यक्रमाचा गाभा. ते चालतंही. झिंबाब्वेत बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांची चाचणी 2016मध्ये प्रसिद्ध झाली. 573 रुग्ण होते आणि सहा महिन्यांनी फरक स्पष्ट दिसला. त्या आज्यांचा फोटो माझ्याही सादरीकरणात आहे. त्यांच्यावर नियमित देखरेख होती, जड केस वर पाठवायची सोय होती, ही स्लाइड मात्र वेळ संपत आल्यावर मी पुढे ढकलते. अहवालाचा नमुनाही तसाच. ‘प्रशिक्षित व्यक्ती’ असा रकाना आहे, त्यात मी 17 भरले होते. त्यांच्यामागे कोण उभं आहे याला रकाना नाही.

मी जुना नंबर खोडून माझा लिहिला.

“आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा?”

खाली एका सहकाऱ्याचा लिहिला, त्यांना न विचारताच. सिस्टरनी पुस्तिका मिटू दिली नाही. स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “आत्ताच लावा. उचलतात का बघू.”